सामाईक घर : एका सोलापुरी शब्दकोड्यावर भाष्य

ग्रंथकारानेच आपल्या ग्रंथावर टीका लिहिली, तर संस्कृत परंपरेत तिला स्वोपज्ञ टीका म्हणतात. हे भाष्य त्या जातीचं आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर रोज एक शब्दकोडं लिहायचं काम माझ्याकडे असतं, त्यातलं हे एक. विषय सोलापूर. ९ ओळी, ७ रकाने, २४ पांढरी घरं, १० शब्द. या २४ घरांपैकी ९ घरं दोन-दोन शब्दांच्या मालकीची आहेत. एकाच घरातून एक शब्द आडवा जातो, दुसरा उभा. सोडवणाऱ्याचं लक्ष संकेतांकडे असतं. रचणाऱ्याचा जीव मात्र या सामाईक घरांत अडकलेला असतो, म्हणून भाष्यही मुख्यतः त्यांच्यावर आहे.

आधी घराविषयी. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं, ते पहिलं शब्दकोडं मानतात. त्याच्या घरात रोमन लिपीतलं एक चिन्ह बसत होतं, म्हणजे पर्याय २६. मराठी कोड्याच्या घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. नुसत्या ‘क’ची बाराखडी मांडली तरी बारा घरं भरतात, आणि क्क, क्ष, क्र वेगळेच. त्यामुळे मराठीत दोन शब्द एका घरात आणणं फार अवघड. ‘ता’ला ‘त’ चालत नाही, ‘णी’ला ‘नी’ चालत नाही. पण एकदा ते घर जुळलं की सोडवणाऱ्याच्या हाती अर्धा शब्द आलेला असतो.

आडवे शब्द

१. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू : मोजा (२)

उत्तर : चार. संकेत सोपा आहे, आणि तो मुद्दाम सोपा ठेवला. पहिल्या ओळीत पाय अडखळला तर माणूस फळ्यापुढून निघून जातो. आकडा मात्र खरा आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात, बाजारात उर्दू कानावर पडते, आणि या चारही भाषांची माणसं एकमेकांशी मराठीत भांडतात.

२. कोवळी ज्वारी, आगटीतून थेट तळहातावर (३)

उत्तर : हुरडा. ‘आगटी’ हा शब्द माहीत असणाऱ्याला पुढे काही सांगावं लागत नाही. शेतात लहानसा खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, त्या निखाऱ्यात हिरवी कणसं खुपसायची. कणीस बाहेर आलं की गरम असतानाच चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. दाणे तळहातावर हिरवे-पिवळे चमकतात आणि हाताला धुराचा वास संध्याकाळपर्यंत राहतो. ‘तळहातावर’ हा शब्द संकेतात त्यासाठीच घातला. ताटातला हुरडा मी हुरडा मानत नाही.

या शब्दाची तीनपैकी दोन घरं सामाईक आहेत. ‘र’ वरून येणाऱ्या ‘चादर’चा, आणि ‘हु’ खाली जाणाऱ्या शब्दाचा. त्या ‘हु’बद्दल पुढे.

३. न मोडलेल्या, संमती कट्ट्याजवळ हजारो हातांतून पडतात (३)

उत्तर : अक्षता. क्षत म्हणजे मोडलेलं, जखमी झालेलं. अक्षत म्हणजे अखंड. तुकडा तांदूळ अक्षतांत चालत नाही, तो या अर्थामुळे. संकेताचा पूर्वार्ध व्युत्पत्ती सांगतो, उत्तरार्ध जागा सांगतो. आख्यायिका अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली, आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला संमती दिली. संक्रांतीच्या वेळी तो विवाह प्रतीकरूपाने दरवर्षी लागतो. सात नंदीध्वज कट्ट्याजवळ येतात. सोलापूरकर त्यांना नुसतं ‘काठ्या’ म्हणतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त त्या उंच काठ्या तोल सांभाळत पेलतात.

इथे व्याकरणाचा एक नियम सांगून ठेवतो. मराठी संकेताने उत्तराचं लिंग आणि वचन पाळलंच पाहिजे. ‘अक्षता’ अनेकवचनी, म्हणून ‘मोडलेल्या’, म्हणून ‘पडतात’. आपल्या भाषेत क्रियापदच अर्धी चुगली करतं. रचणाऱ्याला ते लपवायचं असेल तर क्रियापदाशिवाय लिहावं लागतं, जसं मी पुढच्याच संकेतात केलं आहे.

४. जन्म सोलापूरचा, सेवा चीनमधली; आडनावात किल्ल्याचं दप्तर (४)

उत्तर : कोटणीस. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. जपानशी युद्ध चालू असताना आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या बेथून नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा वय ३२. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देशांचं एका नावात असं सामाईक घर करणाऱ्या माणसाला या कोड्यात जागा नसती, तर मी कोडंच मोडलं असतं.

संकेताच्या शेवटच्या तुकड्याचा खुलासा. कोट म्हणजे किल्ला. ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’वरून आलं, अर्थ लिहिणारा. फडणीस, चिटणीस, सबनीस ही भावंडं त्याच घरातली. यांतल्या काहींनी ‘णी’ घेतला, काहींनी ‘नी’ ठेवला, आणि नेमकं तिसरं घर सामाईक नाही. एकाने फळ्यावर ‘कोटनीस’ भरलं. त्याला चूक ठरवताना मला त्रास झाला, कारण तपासायला उभा शब्दच तिथून जात नव्हता. ती उणीव कोड्याची आहे.

७. नान्नजच्या गवतातला मानकरी. नावाआधी त्याचं घर (४)

उत्तर : माळढोक. ढोक, ढोकरी ही मराठीत उंच पायांच्या पाणपक्ष्यांची नावं. हा पक्षी पाण्याचा नाही, माळाचा, म्हणून ‘माळ’ पुढे लागला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी तो एक. नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरच्या माळांवर अभयारण्य झालं, नान्नज त्याचा ओळखीचा भाग. संकेतात ‘मानकरी’ लिहिलं आणि लिहिताना हात जड झाला. माळ म्हणजे पडीक, असं सरकारी आणि शेतकरी दोन्ही मनांत बसलेलं आहे. गवताळ जमीन मोडत गेली, विजेच्या तारांना धडकून पक्षी मरत गेले, आणि आता देशभरात मिळून त्यांची संख्या दीडशेच्याही आत आली आहे. संकेतापुरता मी त्याला त्याचं घर परत दिलं.

उभे शब्द

१. ताणा उभा, बाणा आडवा, वर नक्षी. थंडीत अंगावर (३)

उत्तर : चादर. हा संकेत मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण तो चादरीचंही वर्णन आहे आणि कोड्याचंही. उभा धागा ताणा, आडवा धागा बाणा. दोघं जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे एकच प्रश्न असतो : वर कोण दिसणार? चादरीचा नक्षीकार कागदावर बारीक चौकटी आखतो आणि तेवढंच ठरवत जातो. भरलेली चौकट म्हणजे उभा धागा वर, रिकामी म्हणजे खाली. मग त्या कागदावरून जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे दोऱ्याने ओवून माळ करतात आणि ती मागाच्या डोक्यावर जकार्डला चढवतात. फ्रान्समधल्या लियॉनच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. भोक आलं की सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा जागच्या जागी राहतो. मोर असो की कमळ, चादरीवरची प्रत्येक नक्षी अशी एकेका घराच्या हो-नाहीतून उमलते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ती घडवली. शब्द मात्र फारसी. पहिल्या घरातला ‘चा’ आडव्या ‘चार’शी सामाईक आहे, आणि चार भाषांच्या गावाची चादर त्याच घरातून खाली उतरते. हे जुळवलं मीच, पण जुळेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

२. स्वतःचीच आहुती दिलेला (३)

उत्तर : हुतात्मा. हुत अधिक आत्मा. ‘हु’ हा संस्कृत धातू, अर्थ अग्नीत अर्पण करणं. आहुती, हवन, होम हे सगळे त्याचेच. शहीद या अर्थाने हा शब्द सावरकरांनी मराठीत रुळवला.

१२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस, गिरणीकामगारांचं शहर, रस्त्यावर गोळीबार. पुढे खटला चालला आणि मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. ही चार नावं एका दमात घ्यायची सोलापूरची रीत आहे, आणि ती घेताना १ आडव्याचं उत्तर पुन्हा मोजलं जातं.

आता तारीख बघा. १२ जानेवारी, आणि त्याला लागूनच सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा. एकीकडे चौकात हुतात्म्यांना हार, दुसरीकडे कट्ट्याजवळ अक्षता, मग होम मैदानावर होम. कोड्यात ‘हुतात्मा’ आणि ‘अक्षता’ यांचं घर सामाईक आहे : ‘ता’. होम आणि हुतात्मा यांचा धातूही एकच. जो अखंड राहिला त्या तांदळाचा शब्द आणि ज्याने स्वतःला अग्नीत टाकलं त्याचा शब्द एका घरात भेटतात. वरच्या घरातला ‘हु’ हुरड्याशी वाटून घेतलेला. जानेवारीतच हुरडा, जानेवारीतच हुतात्मा दिन. कोणाला ही ओढाताण वाटेल. मला वाटत नाही, कारण सोलापूरकर माणूस त्या आठवड्यात सकाळी हार घालतो, दुपारी काठ्यांमागे चालतो आणि रविवारी शेतावर आगटीभोवती बसतो. तिन्ही ठिकाणी तो मनापासून असतो.

३. स्वामी समर्थांचा मुक्काम (५)

उत्तर : अक्कलकोट. १८७८ मध्ये स्वामींनी तिथेच देह ठेवला. कोड्यातला सर्वांत लांब शब्द. चौथं घर ‘को’, तिथून आडवा ‘कोटणीस’ निघतो, म्हणजे गावाच्या नावातला आणि आडनावातला कोट एकाच दगडावर उभा आहे. ‘क्क’ला एकच घर, हे नवख्याने ध्यानात ठेवावं. सहा घरं शोधणारे इथेच चुकतात.

५. तळ्यातल्या मंदिराच्या आवारात सिद्धरामेश्वरांची (३)

उत्तर : समाधी. ‘ची’ने स्त्रीलिंग उघड केलं. शेवटचं घर एकटं आहे आणि लोक तिथे ‘धि’ लिहितात. संस्कृतात समाधि; मराठीत सुटा शब्द आला की अंत्य वेलांटी दीर्घ, समासात पूर्वपद झाला की पुन्हा ऱ्हस्व : समाधी, पण समाधिस्थ.

६. कडक झाली तरी टाकत नाहीत. शेंगाच्या चटणीची जोडीदार (३)

उत्तर : भाकरी. कडक भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ थापून, भाजून, वाळवून पापडासारखी केलेली. कित्येक दिवस टिकते, प्रवासात बरोबर जाते. मधलं घर ‘क’ माळढोकच्या शेवटच्या घरातून आलं आहे.

शेजारच्या वाड्यातल्या अक्कांनी फळ्यावरचं हे कोडं पाठकोऱ्या कागदावर उतरवून नेलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून आणलं. घरी तेलुगू, उमेदीची वर्षं विड्या वळण्यात गेलेली, मराठी वाचन वर्तमानपत्राचं. सगळी घरं बरोबर, फक्त शेवटच्या घरात ‘र’.

“अक्का, भाकरी हवं,” मी म्हणालो.

“आम्ही भाकरच म्हणतो की सर. तुम्ही काय म्हणता जेवताना?”

मी जेवताना भाकरच म्हणतो. भाकर तीन घरांची, भाकरी तीन घरांची, आणि शेवटच्या घरातून दुसरा शब्द जात नाही. एके काळी बक्षिसांच्या कोड्यांचा धंदा याच फटीवर चालायचा : संकेताला दोन उत्तरं सारखीच लागू, आणि बरोबर कोणतं ते छापणाऱ्याच्या पाकिटात. १९५५ च्या कायद्याने महिन्याला १००० रुपयांवरच्या बक्षिसांना मनाई केली. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही मनाई नशिबाच्या स्पर्धांना आहे, कौशल्याच्या नाही. माझ्या फळ्यावर बक्षीस काही नसतं. तरीही अक्कांच्या ‘र’वर फुली मारली असती, तर मी त्याच पाकिटवाल्यांच्या रांगेत जाऊन बसलो असतो. ‘कोटनीस’वाल्याचं तसं नव्हतं, तिथे आडनाव हेच प्रमाण. इथे दोन्ही शब्द जिवंत आहेत, दोन्ही ताटात आहेत.

संध्याकाळी उत्तरं लिहिताना ६ उभ्याच्या शेवटच्या घरात मी तिरकी रेघ ओढली, आणि तिच्या एका बाजूला ‘री’, दुसऱ्या बाजूला ‘र’ लिहिला.