चंद्राच्या वाटेवरचे 37 तारे

अपोलो यानाच्या दिशादर्शनाचे कूळ समुद्रात सापडते. क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजून जहाजाचा ठावठिकाणा काढणारा सेक्स्टंट हा एक पूर्वज. पाणबुडीतून सुटणाऱ्या पोलॅरिस क्षेपणास्त्राचे गायरो, म्हणजे दिशा धरून ठेवणारी फिरती चाके, हा दुसरा. ते गायरो चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या एमआयटीतील प्रयोगशाळेने घडवले होते. ऑगस्ट 1961 मध्ये अपोलोचे पहिले मोठे कंत्राटही तिलाच मिळाले.

यान कुठे आहे, हे पृथ्वीवरची केंद्रे रेडिओने सांगत. त्याचे तोंड कुठे आहे, हे गायरो सांगत. पण गायरो हळूहळू ढळतात. म्हणून 37 ताऱ्यांची यादी केली गेली. अंतराळवीर कळफलकावर ताऱ्याचा क्रमांक देई, संगणक 28 पट मोठे दाखवणारा सेक्स्टंट तिकडे वळवी, तारा फुलीवर आला की बटण दाबायचे. दोन तारे झाले की पडद्यावर त्यांच्यातल्या कोनाची चूक उमटे. पाच शून्ये आली तर काम चोख!

क्रमांकांचा घोळही झाला. अपोलो 8 च्या परतीत अंतराळवीर जिम लॉव्हेल यांच्याकडून तारा 01 ऐवजी प्रोग्राम 01 दाबला गेला, आणि संगणकाला वाटले, यान अजून उड्डाणतळावरच आहे. राजन्य आणि व्याध यांच्यावर नेम धरून त्यांनी दिशा पुन्हा बसवली.

यादीत अगस्त्य, स्वाती, चित्रा, मघा, अभिजित ही ओळखीची मंडळी आहेत. तीन नावे मात्र थट्टेतली. अंतराळवीर गस ग्रिसम यांनी आपले मधले नाव इव्हान उलटे करून शर्मिष्ठेतल्या ताऱ्याला ‘नावी’ केले. एडवर्ड व्हाइट यांच्या नावापुढच्या ‘सेकंड’चे ‘द्नोसेस’, रॉजर चॅफी यांचे ‘रेगोर’. 27 जानेवारी 1967 रोजी हे तिघेही अपोलो 1 च्या आगीत गेले. नावे नकाशावर राहिली, थट्टा उरली नाही.

एमआयटी जिथे आहे त्या केंब्रिजहून अगस्त्य कधीच उगवत नाही. आपला पन्हाळा मात्र सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला 20 अंश वर असतो. यादीतला सर्वांत दक्षिणेचा अट्रिया मेअखेर, मध्यरात्र उलटल्यावर, क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो. वर्षभरात 37 चे 37 तारे पन्हाळ्याच्या आकाशात येऊन जातात.