‘रूस’ : व्युत्पत्ती आणि अर्थांतर

रशियन माणूस आणि त्याची भाषा या दोहोंसाठी त्या भाषेत ‘रुस्की’ हाच शब्द चालतो, आणि व्याकरणाने तो विशेषण आहे. जर्मन माणसाला ‘नेमेत्स’, फ्रेंच माणसाला ‘फ्रान्त्सूझ’ अशी स्वतंत्र नामे असताना स्वतःसाठी मात्र ‘रूसचा’ एवढ्याच अर्थाचे विशेषण रूढ झाले, याचे कारण ‘रूस’ या शब्दाच्या इतिहासात सापडते.

सन ८३९ मध्ये बायझंटाइन सम्राटाच्या वकिलांसोबत फ्रँक सम्राट लुईच्या दरबारी आलेली काही माणसे स्वतःला ‘ऱ्होस’ म्हणवत होती, आणि चौकशीअंती ती स्वीडिश निघाली, असे तत्कालीन लॅटिन वृत्तांतात नमूद आहे. फिन्निश भाषेत स्वीडनला आजही ‘रुओत्सी’ म्हणतात. या शब्दाचा संबंध वल्हवण्याच्या अर्थाच्या प्राचीन नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, शब्दाशी जोडून ‘रूस’ म्हणजे मुळात वल्हेकऱ्यांचे पथक, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे मत सर्वांना रुचले नाही; १७४९ मध्ये रशियन विद्वान लोमोनोसोव्हने स्कँडिनेव्हियन उगमाच्या प्रतिपादनाला कडाडून विरोध केला, तर पुढे काही अभ्यासकांनी नीपरची उपनदी रोस हिच्याकडे बोट दाखवले.

मात्र सन ९५० च्या सुमारास बायझंटाइन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइनने नीपरवरील धावत्या पाण्याच्या खडकाळ टप्प्यांची नावे ‘ऱ्होस’ आणि स्लाव अशा दोन भाषांत वेगवेगळी दिली आहेत. त्यांतील ‘उल्वोर्सी’ या ऱ्होस नावात नॉर्स ‘फोर्स’, म्हणजे धबधबा, ओळखू येतो, तर त्याच ठिकाणच्या ‘ओस्त्रोवुनिप्राख’ या स्लाव नावात ‘ओस्त्रोव’, म्हणजे बेट, स्पष्ट दिसते. पुढे या ऱ्होस दर्यावर्दींची भाषा स्लाव बहुसंख्येत विरून गेली, पण त्यांचे नाव कीव्हच्या राज्याला आणि तेथील प्रजेला चिकटले.

‘रूस’ हे असे समूहाचे आणि भूमीचे नाव झाल्यावर एका व्यक्तीसाठी ‘रूसिन’ हे नाम वापरात होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलमार्गे भारतात आलेल्या, त्वेर या रशियन शहराच्या अफनासी निकितीन या व्यापाऱ्याने, जुन्नरच्या खानाने आपला घोडा काढून घेतला तेव्हा आपण मुसलमान नसून ‘रूसिन’ आहोत हे त्याला कळले, असे लिहून ठेवले आहे. ग्रीक वळणाचे ‘रोसिया’ हे नाव मॉस्कोच्या राज्याने स्वीकारले आणि १७२१ मध्ये ते साम्राज्याचे अधिकृत नाव बनले. त्यातून राज्याशी संबंधित ते ‘रोसिस्की’ आणि लोक व भाषा यांच्याशी संबंधित ते ‘रुस्की’ असा भेद पडला, जो मराठीतील ‘रशियन’ या एका शब्दात लोपतो. ‘रूसिन’ हे नाम आता मुख्यतः कार्पेथियन पर्वतराजीतील एका लहान स्लाव समाजाकडे उरले आहे, तर बेलारूसच्या नावातही तोच जुना ‘रूस’ आहे.