मॅश टन: सगळा खेळ ६६ अंशांचा

आज बिअरच्या इतिहासातलं एकच भांडं घेऊ, मॅश टन. काम ऐकायला सोपं आहे. जवाला मोड आणून वाळवलं की झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचं, एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पण पाणी हवं ६५ ते ६८ अंश सेल्सिअस. फार वर गेलं की एन्झाइम्स निकामी.

मग थर्मामीटर नव्हता तेव्हा? इंग्लंडमधले जुने ब्रूअर टनमध्ये उकळतं पाणी ओतून थांबायचे. वाफ विरली, पाण्यात स्वतःचा चेहरा दिसला, की माल्ट टाकायचं! गार माल्ट पडलं की तापमान आणखी उतरतं, म्हणजे हिशोब जवळपास बरोबर. मला तर हे भारीच वाटतं. १७५८ मध्ये लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून या ब्रूअरने पुस्तक लिहून थर्मामीटरची बाजू मांडली.

त्यांचे टन लाकडी आणि अवाढव्य. जाड लाकूड ऊब धरतं, हजारो लिटरचा लगदा सावकाश निवतो. घरच्या २० लिटरला ही चैन नाही. भांडं लहान झालं की आतल्या मालाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, शाळेतलंच गणित.

ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी लागणारं लायसन्स १९६३ मध्ये गेलं. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती मिळाली थेट १९७८ च्या कायद्याने, सही जिमी कार्टर यांची. आणि तिथल्या हौशी मंडळींचा लाडका टन कोणता? पिकनिकचा कूलर! आपल्याकडे लग्नात थंड पाण्याचा जार असतो ना, तसलाच. आत बेसिनखालच्या नळीवरची स्टीलची वीण गाळणी म्हणून, बाहेर तोटी. झालं.

स्टीलच्या पातेल्याला खालून आच देता येते, तापमान टप्प्याटप्प्याने चढवता येतं. पण ढवळलं नाही तर तळाला करपतं, आणि थर्मामीटर दोन जागी दोन आकडे सांगतो. कूलरला आच नाही, म्हणून पाणी आधीच सातेक अंश जास्त गरम घ्यायचं. नेम चुकलाच तर थोडं उकळतं पाणी घालून सावरायचं. नवख्याने कूलरच घ्यावा, असं माझं मत. (आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे माझं ब्रूइंग सध्या एक्सेल शीटमध्येच चालतं!)

अमेरिकेतही १९७८ नंतर अंतिम निर्णय राज्यांकडेच होता. मिसिसिपी आणि अलाबामाने घरच्या बिअरला हो म्हणायला २०१३ उजाडलं.