चिखलाचं वजन

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासातल्या स्पिंडलटॉपच्या विहिरीतून तेलाचा फवारा दीडशे फुटांहून उंच उडाला. त्याला आवर घालायला नऊ दिवस लागले. तेलयुगाची नांदी म्हणून त्या फवाऱ्याचा फोटो आजही कौतुकाने छापला जातो. खरं पाहता विहीर हातातून सुटल्याचा तो पुरावा आहे.

तिला धरून ठेवू शकणारी वस्तू मात्र तिथेच होती. खोदताना रेतीच्या कडा ढासळत होत्या आणि नुसतं पाणी पुरेना. तेव्हा विहीर खोदणाऱ्या हॅमिल बंधूंनी पाण्याच्या खड्ड्यात गुरं फिरवून चिखल केला आणि तो पंपाने खाली सोडला, अशी हकिकत सांगतात. भोक टिकलं. चिखलाकडून अपेक्षा तेवढीच होती: चुरा वर आणायचा, भिंती लिंपायच्या.

त्याच्या वजनावर बेंजामिन स्ट्राउडने काम केलं, १९२०च्या दशकात लुइझियानात. तिथल्या विहिरींतून वायू उसळायचा. तो खाली दाबून धरायला चिखल जड हवा, पण नुसती माती वाढवली तर चिखल इतका घट्ट होतो की पंप हात टेकतो. स्ट्राउडने आधी लोहखनिजाची आणि मग बॅराइटची पूड मिसळली. बॅराइट पाण्याच्या चौपटीहून जड, म्हणून थोड्याशा पुडीनेच वजन वाढतं आणि चिखल वाहताही राहतो. आंध्रातल्या मंगमपेटचं बॅराइट आज याच कामासाठी परदेशी जातं.

१९२२मध्ये अ‍ॅबरक्रॉम्बी आणि कॅमरन यांनी विहिरीचं तोंड आवळणारा ब्लोआउट प्रिव्हेंटर घडवला. बोलबाला त्याचाच जास्त. पण तो दुसरा पहारेकरी, पहिला चिखल.

समुद्रात हे गणित फार नाजूक होतं. चिखल हलका पडला तर वायू आत शिरतो. रिगवर त्याला ‘किक’ म्हणतात. जड झाला तर खडक तडकतो, चिखल भेगांत मुरतो, विहिरीतली त्याची पातळी उतरते आणि पुन्हा किकच. खोल समुद्रात खडकावरचा बराचसा भार दगडाचा नसून पाण्याचा असतो. त्यामुळे तो लवकर तडकतो आणि या दोन टोकांमधली फट चिंचोळी होते. म्हणून टाक्यांतल्या पातळीवर ड्रिलरची सतत नजर: पाठवला त्याहून जास्त चिखल परत आला, की खाली कोणीतरी ढकलतंय. हल्ली विहिरीचं तोंड फिरत्या सीलने बंद ठेवून, परतीच्या वाटेवरच्या चोक झडपेने दाब कमीजास्त करतात. वेळोवेळी अख्खा चिखल बदलावा लागत नाही.

आपल्या बॉम्बे हायवर १९८२मध्ये ‘सागर विकास’ रिगवर ब्लोआउट झाला, म्हणजे विहीर हातातून सुटली. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीवर २० एप्रिल २०१० रोजी तर खोदाई संपलेली होती. दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि जड चिखल काढून त्या जागी समुद्राचं पाणी भरणं चालू राहिलं. समुद्र तिथे सुमारे दीड हजार मीटर खोल. तेवढ्या उंचीच्या चिखलाऐवजी पाणी आलं, की दर चौरस सेंटिमीटरमागे शंभरेक किलोंचा दाब उतरतो. ११ माणसं गेली. जुलैच्या मध्यावर विहिरीला झाकण बसलं. ती शांत झाली ऑगस्टच्या सुरुवातीला, वरून पुन्हा जड चिखल भरल्यावर.