भागले तर वाढते कसे?

गेल्या महिन्यात मंडळाच्या मराठी वर्गात एका मुलाने विचारले, "काका, भागले की संख्या कमी होते ना? मग ६ ला अर्ध्याने भागल्यावर १२ कसे येतात?" तिथे असलेल्या आम्ही सगळ्या पालकांनी एकच उत्तर दिले, "भाजक उलटा करायचा आणि गुणायचे." "पण का?" या त्याच्या पुढच्या प्रश्नाला मात्र आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आमच्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली, आम्ही रीत घोकली. कारण कुणीच सांगितले नव्हते. म्हणून घरी येऊन पुस्तके काढली.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणण्याचा नियम दिला. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त तोच नियम सांगून दोन उदाहरणे घातली. ५ ला २ पूर्णांक १/३ ने भागा, आणि १/६ ला १/३ ने भागा. पहिल्याचे उत्तर २ पूर्णांक १/७, म्हणजे भाज्यापेक्षा कमी. दुसऱ्याचे १/२, म्हणजे भाज्याच्या तिप्पट! भाजक १ पेक्षा मोठा असेल तर भागाकार भाज्यापेक्षा लहान, भाजक १ पेक्षा लहान असेल तर मोठा. आमच्या मुलाचा प्रश्न याच दोन ओळींत होता.

कारणाचा विचार सापडला तो कृष्ण दैवज्ञांकडे. हे घराणे मूळ विदर्भातले, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिले. म्हणजे तेही आपल्यासारखेच गाव सोडून गेलेले! सुमारे १६०० साली कृष्णांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर टीका लिहिली. शून्याने भागण्याची चर्चा करताना ते म्हणतात की भाजक जसजसा कमी करावा तसतसा भागाकार वाढतो. भाजक अगदी कमी झाला की भागाकार अगदी मोठा होतो. तो 'इतका' असे सांगता आले, तर तो अजून पुरता वाढलेला नाही, कारण त्याहून मोठी संख्या सांगता येतेच. कोलब्रुकने १८१७ साली लंडनमध्ये छापलेल्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांत हा विचार आला आहे.

दशांशातही हेच. १ एप्रिल १९५७ ला भारतात नवे पैसे आले आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले. दहा रुपयांत पावल्या किती? आधीही ४०, नंतरही ४०. १० ला पावाने भागा की ०.२५ ने, भागाकार एकच. पंचवीस पैशांऐवजी दहा पैशांची नाणी घ्या, म्हणजे ०.१ ने भागा, तर १०० होतील. नाणे लहान, तितकी नाणी जास्त.

पुढच्या वर्गाला आम्ही सहा पोळ्या घेऊन गेलो. प्रत्येकाला अर्धी दिली, तर किती जणांना पुरतील? मुलाने मोजले, "बारा!" मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे एका पोळीत दोन अर्ध्या, म्हणून दोनने गुणायचे!"

वाचकहो, आपल्या मुलांना रीत शाळा शिकवतेच. "का?" विचारले की मात्र "असेच असते" म्हणू नका. एक पोळी पुढे करा.