प्लॅस्टिक आवरणांसाठी आसंजके

प्लॅस्टिक आवरणांसाठी आसंजके म्हणजे रेडिओ, रिमोट, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच इत्यादी उपकरणांच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला गेलेला तडा किंवा त्याचा तुटलेला भाग जोडण्यासाठी वापरले जाणारे चिकट पदार्थ होत. सर्व प्लॅस्टिकांना चालेल असे एकच आसंजक नाही. आवरण कोणत्या प्लॅस्टिकचे आहे, सांध्यावर कोणत्या प्रकारचा ताण येतो आणि तुटलेल्या कडा एकमेकींत नेमक्या बसतात की मध्ये फट राहते, या तीन बाबींवरून आसंजकाची निवड केली जाते.

== प्लॅस्टिकची ओळख ==

उपकरणांची आवरणे मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइल ब्युटाडाइन स्टायरीन (एबीएस), आघातरोधी पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस व पॉलिकार्बोनेट यांच्या मिश्रणापासून बनवतात. आवरणाच्या आतील बाजूस प्लॅस्टिकचे संक्षिप्त नाव बहुधा रोमन अक्षरांत कोरलेले असते. पुनर्चक्रीकरणाच्या त्रिकोणी चिन्हात ५ हा अंक पॉलिप्रोपिलीनचा, तर ६ हा पॉलिस्टायरीनचा असतो. एबीएस व पॉलिकार्बोनेट यांना स्वतंत्र अंक नसून ती ‘इतर’ या अर्थाच्या ७ मध्ये मोडतात.

खूण नसल्यास लहानसा तुकडा पाण्यात टाकून पाहता येतो. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरीन व पॉलिकार्बोनेट बुडतात. तरंगणाऱ्या या दोन्ही प्लॅस्टिकांची पृष्ठऊर्जा कमी असते. त्यांच्यावर द्रव आसंजक नीट पसरत नाही व सांधा सहज सुटतो. त्यांच्यासाठी विशेष प्राथमिक लेप असलेली आसंजके घ्यावी लागतात किंवा उष्णतेने जोड द्यावा लागतो.

== आसंजकांचे प्रकार ==

=== विद्रावक ===

विद्रावक हा स्वतः चिकट नसतो. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक विरघळवतो, त्यातील बहुवारिकांच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि विद्रावक उडून गेल्यावर कडा एकजीव होतात. एबीएससाठी ॲसिटोन उपयुक्त आहे. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने बारीक फटीही भरता येतात. पॉलिकार्बोनेटवर मात्र ॲसिटोनमुळे सूक्ष्म तड्यांचे जाळे उमटते व ते ठिसूळ होते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन साध्या तापमानाला ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत.

=== सायनोॲक्रिलेट ===

फेविक्विकसारखी झटपट चिकटणारी आसंजके या गटात येतात. हॅरी कूव्हर यांच्या गटाला १९४२ मध्ये अमेरिकेत या पदार्थांचा प्रथम परिचय झाला आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यामुळे ते काही सेकंदांत घट्ट होतात. कडा नेमक्या जुळत असल्यास व थर पातळ असल्यास सांधा मजबूत होतो. मात्र तो ठिसूळ असल्याने आघात, वाकणे व सोलले जाणे सहन करत नाही. बाष्पामुळे आसपास पांढरट डाग पडतात, म्हणून पारदर्शक पडद्याजवळ त्याचा वापर टाळतात.

=== इपॉक्सी ===

राळ व दृढक हे दोन घटक ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर इपॉक्सी घट्ट होते. ते फट भरून काढते. स्क्रू बसण्याची तुटलेली नळी किंवा लॅपटॉपच्या बिजागरीजवळ उखडलेला भाग यांसाठी ते सोयीचे ठरते. पाच मिनिटांत घट्ट होणारे प्रकार उपलब्ध असले, तरी पूर्ण बळ येण्यास बहुधा एक दिवस लागतो. प्रमाण चुकल्यास मिश्रण मऊच राहते.

=== अनुपयुक्त आसंजके ===

फेविकॉलसारखी पाण्यात मिसळलेली पांढरी आसंजके लाकूड व कागद यांसाठी असतात. त्यांतील पाणी सच्छिद्र पदार्थात शोषले जाते. प्लॅस्टिकमध्ये ते शोषले जात नाही व पकडही धरत नाही.

== पूर्वतयारी व सांध्याची रचना ==

आवरणावरील तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. इपॉक्सी लावायचे असल्यास पृष्ठभाग पॉलिश कागदाने खरखरीत करतात. विद्रावक किंवा सायनोॲक्रिलेट वापरायचे असल्यास तुटलेल्या कडा घासत नाहीत, कारण त्यामुळे त्या नेमक्या जुळत नाहीत. केवळ कडेला कड लावून केलेला सांधा कमकुवत असतो. आतील बाजूस प्लॅस्टिकची पट्टी किंवा काचतंतूंची जाळी चिकटवल्यास ताण मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. बिजागरी घट्ट झाल्यामुळे आवरण तुटले असल्यास आधी ती सैल करणे आवश्यक असते. अन्यथा नवा सांधाही तुटतो.

== सुरक्षितता ==

आवरण हे विद्युत निरोधनाचा भाग असते. थेट वीजपुरवठ्याला जोडल्या जाणाऱ्या चार्जरचे आवरण फुटल्यास ते चिकटवून वापरणे धोक्याचे असते. असा चार्जर बदलणेच योग्य ठरते. लिथियम-आयन बॅटरी फुगल्यामुळे आवरण उघडले असेल, तर ते दाबून चिकटवल्याने बॅटरीवर दाब येऊन आग लागू शकते. अशा वेळी उपकरणाचा वापर व चार्जिंग थांबवून बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी लागते.

ॲसिटोन अत्यंत ज्वलनशील असल्याने ते खेळत्या हवेत व ज्योतीपासून दूर वापरतात. सायनोॲक्रिलेट सुती कापडावर किंवा कापसावर सांडल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन भाजू शकते. बोटे चिकटल्यास ती ओढून न सोडवता कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवतात.

== हे सुद्धा पहा ==

* आसंजक
* बहुवारिक
* इपॉक्सी राळ
* ई-कचरा