काडीमोड झाला, पण घर कोणाचे?

आपल्या जातींत बाईला काडीमोड घेता येत होता, पाट लावता येत होता. वरच्या जातींतली बाई मात्र जन्मभर बांधलेली होती, असे आपले कार्यकर्ते व्यासपीठावरून अभिमानाने सांगतात. गोष्ट खोटी नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती आर्थर स्टील या अधिकाऱ्याकडून नोंदवून घेतल्या. त्याचा ग्रंथ १८२७ साली निघाला. सोडचिठ्ठी आणि पाट त्यात आहेत.

पण सुटलेली बाई काय घेऊन सुटत होती? हा प्रश्न आपण विचारत नाही. पंचांपुढे हिशेब होई तो लग्नाच्या खर्चाचा, आणि अनेक जातींत तो पहिल्या नवऱ्याला भरून द्यावा लागे. म्हणजे हिशेब बाईचाच होता, बाईने करायचा नव्हता. दहा वर्षे तिने शेण काढले, मोळ्या वाहिल्या, भिंती लिंपल्या, त्याची किंमत कोणत्याही पंचाने धरली नाही. ज्या चालीचा आपण गौरव करतो ती बाईला मोकळी करी, पण मोकळ्या हातांनी. इंग्रजांच्या न्यायालयांनी तर उरलेलेही काढून घेतले. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गमवावा, असे कलम होते. पाटाची रूढी असलेल्या जातींनाही ते लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने पुढे ठरवले.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. ९ एप्रिल १९४८ रोजी हिंदू कोड बिल चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्या बिलात घटस्फोट होता, पण घटस्फोटाबरोबर मालमत्ताही होती. मुलीला वारसा, स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी, आणि हुंडा दिलाच तर तो तिची विश्वस्त ठेव. बाईच्या हातात काही असल्याशिवाय तिचे स्वातंत्र्य कागदी राहते, हा त्यामागचा विचार मला दिसतो. बिल रखडले, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याचे एक कारण हे बिल. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. आपण १९५६ साली हिंदू धर्म सोडला, तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या कायद्याचे कलम २७ वाचावे. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंविषयी न्यायालय हुकूम करू शकते. बस्स. म्हणजे हंडा, कळशी, कपाट. आपण भांड्यांवर नावे घालतो, ती इथे पुरावा म्हणून उपयोगी पडावीत! स्त्रीधन बाईचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. पण लग्नानंतर दोघांच्या कष्टातून उभे राहिले त्याचे काय? पुण्यात १९८९ साली कौटुंबिक न्यायालय सुरू झाले. नवराबायकोच्या मिळकतीचा दावा ते ऐकू शकते, पण मोजायचे कशाने? कागदावर ज्याचे नाव, त्याची मिळकत. उरते पोटगी, आणि त्या शब्दातच तिचे माप आहे : पोटापुरती.

पुण्याच्या ज्या वस्तीत मी वाढले तिथे आईने चार घरची धुणीभांडी करून झोपडीवर पत्रे घातले, पुढे विटांची भिंत चढवली. करपावती आणि वीजबिल वडिलांच्या नावाने. तिने काडीमोड कधी मागितला नाही. मागितला असता तर भिंतीतली एक वीटही तिची ठरली नसती.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. चांगले झाले, पण ज्यांच्या बापाकडे वाटण्याजोगे काही नव्हते त्यांना वाटा कशातला? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीतून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची चळवळ झाली, तीही जमीन असणाऱ्यांची. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून वेगळा कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक, आणि घटस्फोटात निम्मी निम्मी. व्यवहारात तिथेही बायका फसवल्या जातात, पण निम्म्याचा दावा निदान तोंडाने करता येतो.

देशभरासाठी असे काही करण्याचा एक प्रयत्न झाला. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून बायकोला भरपाई देण्याची तरतूद पुढे आली, राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले, आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित होताच ते बुडाले. आपल्या संघटनांनी त्यासाठी एक मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. आरक्षणावर आपण रात्रभर बोलतो, घराच्या कागदावरच्या नावावर बोलायचे म्हटले की हा घरगुती प्रश्न होतो.

वर्गातल्या मुलींना मी सध्या एवढेच सांगते : पत्र्यांची, विटांची, कर्जाच्या हप्त्याची पावती आपल्या नावाने घ्या, आणि ती माहेरी ठेवा.